कै. सौ.

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर, 'नावात बदल' आणि 'जागा भाड्याने देणे आहे' यांच्या शेजारी, जी माणसं काळ्या चौकटीत बसलेली असतात, तितकी चांगली माणसं जिवंतपणी कुणाला भेटल्याचं ऐकिवात नाही. त्यातल्या बायका तर एकजात प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू आणि धर्मपरायण. पुरुषांना थोडी सवलत आहे. ते 'शिस्तप्रिय' असू शकतात. म्हणजे दारात चपला वाकड्या दिसल्या तर घर डोक्यावर घ्यायचे, हे ज्याला कळायचं त्याला कळतं. 'शिस्तप्रिय आजी' अशी जाहिरात मी अजून वाचलेली नाही. शिस्तप्रिय नसलेली आजीही अजून पाहिलेली नाही, ते सोडा.

फोटो ठरलेला. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, त्यामुळे खांद्यावर एक परका हात तसाच राहिलेला. खाली शोकाकुल मंडळी मानाप्रमाणे: आधी मुलगे, मग सुना, मुली, जावई, नातवंडं, पतवंडं, आणि शेवटी 'समस्त परिवार व मित्रमंडळ'. जावयांचा क्रम चुकला तर तेराव्याचं जेवण तेराव्यालाच पचतं असं नाही. नवरा हयात असला तर तो सगळ्यांच्या वर, एकट्याने, एका ओळीत.

आमच्या आजीच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या वेळी अशीच एक जाहिरात द्यायचं ठरलं. आजी १९३६ सालची, माहेर वाईचं. १९५५ साली लग्न होऊन कराडला आली ती कराडचीच झाली. मोठ्या काकांनी मसुदा केला, काकूंनी तो शुद्ध केला, आत्याने पुण्याहून फोनवर त्यात 'वात्सल्यसिंधू' घातलं, आणि मग तो आजोबांना वाचून दाखवला. आजोबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निम्मं आयुष्य त्यांनी कराडच्या स्टँडवर गाड्या सोडण्यात आणि थांबवण्यात घालवलेलं. कुठलीही घोषणा कानावर पडली की तीत चूक काय आहे हे ते आधी ऐकतात.

"मनमिळाऊ," काकांनी वाचलं.

"कुणाशी?" आजोबांनी विचारलं.

"सगळ्यांशीच."

"शेजारच्या बाईंशी ती बहात्तरच्या दुष्काळापासून बोलत नव्हती."

हे खरं होतं. त्या दुष्काळात रेशनवर मिलो नावाची अमेरिकेतली तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी कुणाच्याच हातून धड होत नव्हती. पण शेजारच्या बाई हे जे काही बोलल्या ते आमच्या आजीच्या भाकरीकडे बघून बोलल्या. झालं, बोलणं बंद. वाट्यांची देवाणघेवाण मात्र एक दिवस थांबली नाही. इकडून आमटी जायची, तिकडून कोशिंबीर यायची, आणि मधला वकील म्हणजे दोन्ही घरची पोरं. "त्यांना सांग, मीठ कमी आहे," असा निरोप आम्ही नेलेला आहे. "त्यांना सांग, रक्तदाब कुणाला आहे?" असा उलटटपाली आणलेलाही आहे. त्या बाईंना विषमज्वर झाला तेव्हा आजीने रोज पेज करून नेली, स्वतःच्या हाताने पाजली आणि एक शब्द न बोलता भांडं घेऊन परत आली. याला मनमिळाऊ म्हणायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. जाहिरातवाल्यांकडे त्यासाठी विशेषण नाही.

"सोशिक," काका पुढे सरकले.

"सोसलं मी," आजोबा म्हणाले. तेही खोडलं गेलं.

'धर्मपरायण'वर आजोबा थोडे नरमले. उपवास तिचे पुष्कळ. सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि मधले रिकामे वार कुणाला तरी बरं वाटावं म्हणून. पण उपवास एकटीने करावा असं तिला कधी वाटलं नाही. त्या दिवशी घरात साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि तोंडी लावायला बटाट्याचा पापड असायचा. उपवास नसलेल्यांना नुसती भाजी-भाकरी. आम्ही नातवंडं फार लवकर धार्मिक झालो.

'सुगरण' एकमताने मंजूर झालं. आजोबांनी फक्त चहा वगळायला सांगितला. आजीचा चहा हा आमच्या घरातला जुना वादाचा मुद्दा. दारात कोण कधी टपकेल याचा नेम नाही, म्हणून ती दुधात पाणी घालायची. कुणी टपकलं नाही तरी पाणी घातलेलंच असायचं. आजोबांनी त्या चहाला आयुष्यभर नावं ठेवली. आता काकू आलं, वेलची घालून, सायीसकट दुधाचा दाट चहा करतात. आजोबा एक घोट घेतात आणि कप खाली ठेवतात. "हा फार चांगला झालाय," असं तक्रारीच्या सुरात सांगतात.

त्या पिढीतल्या नवरा-बायकोंचं सगळं काही तक्रारीतच चालायचं. आजोबांनी आजीचं नाव रेशनकार्डाच्या अर्जावर लिहिलं असेल. तोंडाने घेतलेलं कुणी ऐकलं नाही. लग्नात घेतलं म्हणतात, पण तिथे बँड वाजत होता. एरवी 'अगं' आणि 'अहो'. घरात दहा माणसं असली तरी कुणाचा 'अगं' कुणासाठी आहे यात कधी गोंधळ झाला नाही. उखाणा मात्र आजीकडे दर प्रसंगाला नवा. त्यात कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापासून सातारच्या कंदी पेढ्यांपर्यंत सगळं येऊन जायचं आणि शेवटी आजोबांचं नाव. आजोबा दारातून ऐकत असत आणि यमक जुळलेलं नाही म्हणत असत.

आता 'कै. सौ.' या दोन अक्षरी उपाधींबद्दल. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला आपल्याकडे 'कै.'च्या पुढे 'सौ.'ही मिळतं, आणि हा मोठा मान समजतात. आजी गेली तेव्हा भेटायला आलेला जो तो आजोबांचा हात हातात घेऊन म्हणत होता, "भाग्यवान हो! अहेव गेल्या. कपाळावर कुंकू घेऊन गेल्या. सोनं झालं." आजोबा पहिले काही दिवस मान डोलवत राहिले. मग एकाला त्यांनी विचारलंच, "म्हणजे मी मागे राहिलो, हे तिचं पुण्य होय?" त्या गृहस्थांनी चहा न घेताच निरोप घेतला. चांगला दाट चहा होता.

पितृपक्षात पुन्हा तेच. भाद्रपद वद्य नवमीला अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवायला घालतात, तिची ओटी भरतात. गुरुजींनी सांगितलं की तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे ही नवमी नवरा हयात असेपर्यंतच करायची. आजोबांनी थोडा विचार केला. "म्हणजे हिच्या नावाने पुरणपोळी व्हायची असेल तर मला जगत राहायला पाहिजे," ते म्हणाले. "गेल्यावरसुद्धा कामाला लावलंय."

आणि दहाव्याची गोष्ट तर अजून आमच्याकडे उकरून काढली जाते. घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही सगळे लांब उभे राहिलो. कावळा शिवेना तर काय काय कबूल करायचं याची प्रत्येकाने तयारी करून ठेवली होती. आत्या आजीची हिरवी पैठणी सुनेला द्यायला तयार झाली होती, काका वाईच्या जमिनीचा दावा मागे घेणार होते, आणि काकूंच्या मनात काहीतरी फारच मोठं होतं असा माझा संशय आहे. गुरुजींनी दर्भाचा कावळाही करून ठेवला होता. पण पिंड ठेवून गुरुजी दोन पावलं मागे येतात न येतात तोच कावळा आला, शिवला आणि गेला. कुणाला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही. पैठणी आत्याकडेच राहिली, दावा अजून चालू आहे.

"समाधानाने गेल्या," गुरुजी म्हणाले. "कशातही जीव अडकला नव्हता."

आजोबांना हे मुळीच आवडलं नाही. "कशातही?" त्यांनी दोनदा विचारलं. परतीच्या वाटेवर ते कुणाशी बोलले नाहीत. घरी आल्यावर पाटावर बसता बसता म्हणाले, "तिला ताटकळलेलं अन्न आवडायचं नाही, म्हणून आला असेल." तेव्हा कुठे जेवले.

आजीचं चरित्र लिहायचं तर तारखांची अडचण आहे. तिचं पंचांग स्वतंत्र होतं. काकांचा जन्म 'पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या श्रावणात', आत्याचा 'भूकंपाच्या आधी, पण कैऱ्यांनंतर'. हे पुढे शाळेच्या दाखल्यासाठी सन आणि महिन्यात बसवताना आजोबांना कोष्टक करावं लागलं. पानशेत १२ जुलै १९६१, भूकंप ११ डिसेंबर १९६७, हे त्यांना पाठ झालं ते अशाने.

भूकंपाची गोष्ट ते दर वर्षी सांगतात. कोयनेचा तो धक्का पहाटे चारनंतर बसला. कराड कोयनानगरपासून फार लांब नाही. भिंती हलल्या, फडताळातली भांडी खाली आली. आजी जागीच होती, बंब पेटवत होती. आजोबा झोपले होते. "अहो उठा, धरणीकंप झाला," ती ओरडली. आजोबा "पाचच मिनिटं" म्हणाले, हे ती सांगायची. ते असं म्हणालेच नाहीत, हे ते सांगतात. पुढच्या क्रमाबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. आजीने आधी लोणच्याची चिनी मातीची बरणी बाहेर अंगणात नेली, मग मुलं, मग देव, आणि मग आजोबांना पुन्हा हाक मारली.

"बरणी आधी?" आजोबा दर वर्षी विचारायचे.

"तुम्हाला पाय होते," ती दर वर्षी सांगायची.

पैशाच्या बाबतीत तिने भारत सरकारला अखेरपर्यंत माफ केलं नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैसा कुणाच्या खिशात असतो? म्हणून बाजारात आण्याचे सहा पैसे धरू लागले. आजी तिसरी शिकलेली, पण पाढे पक्के. सोळा सक शहाण्णव. "रुपयामागं चार पैसे खाल्ले कुणी?" तिने आजोबांना विचारलं, कारण आजोबा नोकरदार, म्हणजे तिच्या हिशेबी सरकारच. आजोबांनी चवली-पावलीपासून समजावून सांगितलं. तिला पटलं नाही. पुढे भाजीवाल्याने दोन रुपयांचा घोळ केला तरी ती आधी त्या चार पैशांवर यायची.

आणि आता भांडी. इथे मला जरा थांबू द्या, कारण आजी खरी कुठे सापडत असेल तर ती मांडणीवर.

मराठी घरातल्या भांड्यांवर नावं असतात. दुकानदार तो किर्रर्र करणारा टोचा घेऊन ताटाच्या कडेवर 'चि. सौ. कां.'पासून तारखेपर्यंत सगळं कोरून देतो, बहुधा फुकट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार करता येत नाही. परक्या माणसाला वाटतं, हे प्रेमापोटी. प्रेम असेलही. पण नाव घालण्याचं खरं कारण असं की दिलेलं भांडं पुढे दुसऱ्याच्या मुंजीत खपवता येऊ नये. आपल्या बायकांनी एकमेकींवर ठेवलेला हा विश्वास आहे.

आमच्या मांडणीवर आजीचं सगळं आयुष्य ओळीने लावलेलं आहे. लग्नातली पितळेची भांडी, त्यांवर ५५ साल. त्यांना कल्हई लावायला दारात कल्हईवाला यायचा आणि आजी समोर बसून नवसागर कमी टाकतो म्हणून त्याच्याशी भांडायची. मग काकांच्या बारशाची फुलपात्रं. मग सत्तरच्या पुढेमागे स्टील घरात शिरलं आणि पितळ माळ्यावर गेलं. आत्याच्या लग्नातला आहेर, वास्तुशांतीचं घंगाळ, आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटलेल्या वाट्यांपैकी उरलेल्या चार. प्रत्येक भांडं हातात घेऊन ती देणारीचं नाव, नातं आणि ऐपत सांगायची. "हिच्या सासूनं पातळ पत्र्याचं दिलं होतं," हे वाक्य मी अशा एका बाईबद्दल ऐकलं आहे की जिची नात त्या वेळी समोर बसून पोहे खात होती.

त्यातला एक मोठा डबा बोहारणीचा आहे. आजोबांकडे एक लोकरी कोट होता. त्यांच्या मते उत्तम स्थितीतला, आजीच्या मते कसरीचा. एके दुपारी आजोबा ड्यूटीवर असताना बोहारीण आली. कोट गेला आणि दोन जुन्या साड्यांच्या वाढीवर हा डबा आला. संध्याकाळी घरात जे झालं ते झालं. दुसऱ्या दिवशी आजी तो डबा घेऊन बाजारात गेली आणि त्यावर आजोबांचं नाव कोरून आणलं. "घ्या तुमचा कोट," म्हणाली. गेली कित्येक वर्षं त्यात आजोबांचा चिवडा असतो. चिवडा खाताना ते कोटाची आठवण काढतात. थंडीत जरा जास्त.

आपल्याकडे बायकांनी नवऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आली, बाया कर्व्यांनी 'माझे पुराण' लिहिलं, सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० चं. रमाबाई हात जोडून लिहितात, तो त्यांचा स्वभाव. पण लक्ष्मीबाईंनी टिळकांचा तापटपणा, भाबडेपणा आणि घरात पैसा न टिकू देण्याची कला अशी लिहून ठेवली आहे की ना. वा. टिळक त्यामुळेच जवळचे वाटतात. नुसते 'शिस्तप्रिय, धर्मपरायण' लिहिलं असतं तर आज कोण वाचतं? नवऱ्यांनी बायकांवर लिहिलेली पुस्तकं मोजायला घेतली तर हाताची बोटं शिल्लक राहतात. नवरे अर्पणपत्रिकेत उरकतात.

आमच्या कराडने मात्र वेगळं पाहिलं आहे. यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी वेणूताई १९८३ साली गेल्या. यशवंतरावांनी त्यांच्या नावाने इथे स्मारक करायचं मनावर घेतलं, आणि पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांचा ग्रंथसंग्रह त्या स्मारकात आहे. आजोबांना हे पक्कं ठाऊक. जाहिरातीचा मसुदा तीनदा बदलून झाल्यावर ते काकांना म्हणाले, "त्यांच्याकडे पुस्तकं होती. माझ्याकडे डबे आहेत. तेही निम्मे लोकांकडे."

आणि ते उठले, कागद घेतला आणि स्वतः मसुदा लिहिला. आजीने जन्मभर डबे वाटले होते. चकली, सांडगे, लिंबाचं लोणचं, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, आजाऱ्यासाठी मेतकूट, परगावी निघालेल्यासाठी दशम्या. डबा गेला की परत येईपर्यंत ती त्याचा पाठपुरावा करायची. डबा एकीकडून आणि झाकण दुसरीकडून आलं तर ती रात्रभर तळमळायची. आता पाठपुरावा करणारं कुणी नव्हतं आणि मांडणीत मोकळ्या जागा दिसत होत्या. आजोबांनी लिहिलेलं असं होतं: आजीचं नाव, 'प्रथम पुण्यस्मरण', तिथी आणि वार. त्याखाली, 'तिचे डबे ज्यांच्याकडे राहिले असतील त्यांनी ते झाकणासह आणून द्यावेत.' खाली एकच शब्द, 'पती'.

जाहिरात घेणाऱ्या मुलाने कागद वाचला आणि डोकं खाजवलं. "आजोबा, ही स्मरणात बसत नाही. हरवले-सापडलेचा दर वेगळा आहे." आजोबांनी त्याला एसटीच्या नियंत्रकाने नव्या कंडक्टरकडे बघावं तसं बघितलं. सगळी विशेषणं आधीच खोडलेली असल्यामुळे तेवढ्याच जागेत मजकूर बसत होता. शोकाकुल मंडळींची नावं नव्हती, त्यामुळे जावयांच्या क्रमाचा प्रश्नही मिटला. फोटोत आजी कॅमेऱ्याकडे न बघता कुणावर तरी ओरडते आहे. तोच द्यायचा, असा आजोबांचा हट्ट होता.

जाहिरात छापून आली त्या दिवशी सकाळपासून दारात माणसं. डबा रिकामा परत करायचा नसतो, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे एकेका डब्यात शेंगदाण्याची चटणी, शंकरपाळे, खोबऱ्याच्या वड्या. एका कॉलेजातल्या मुलाने नाइलाजाने नुसती साखर. काकूंनी वर्षश्राद्धाचा स्वयंपाक केला होता, तो संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. शेजारच्या बाईंकडून दोन डबे आले, झाकणं घट्ट, आत कोशिंबीर आणि आमटी. बाई स्वतः आल्या नाहीत, नातवाच्या हाती पाठवले. बोलणं बंद आहे. आजोबांनी दिवसभर दारात खुर्ची टाकून आलेल्या डब्यांची नोंद वहीत केली, वेळेसह.

परत आलेल्या भांड्यांत एक पितळी कडीचा डबा आमचा नाही. त्यावर 'चि. सौ. कां.' आणि '१२-५-६३' एवढंच वाचता येतं, पुढचं नाव घासून घासून गेलं आहे. कराड, मलकापूर, ओगलेवाडी या भागात कुणाचा असेल तर त्याने ओळख पटवून घेऊन जावा. झाकण आहे. आत बेसनाचे लाडू होते, त्यांची चौकशी करू नये.